रापण सरकते

दिव्याने मला कॅमेरा सांभाळायला सांगितलं तेव्हा कारणही सांगितलं. "बाई, तुमचा कॅमेरा हलत नाही."

हे खरं होतं. निवृत्त झाल्यापासून मी घराच्या पडवीत तिपाईवर एक कॅमेरा लावून ठेवला आहे. तो दर मिनिटाला समोरच्या किनाऱ्याचा एक फोटो काढतो. वाळू कुठे साठते आणि कुठे खचते, हे मला बघायचं होतं. सहा वर्षांत ते बऱ्यापैकी कळलं आहे. वाडीतले लोक त्या कॅमेऱ्याला 'बाईंची नजर' म्हणतात आणि कोणाची गाय संध्याकाळी परतली नाही की माझ्याकडे चौकशीला येतात.

दिव्या माझी जुनी विद्यार्थिनी. ती आमच्याच वाडीतली. रोज एसटीने कुडाळला कॉलेजात यायची. तिथे मी तिला दोन वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. ध्वनीच्या प्रकरणात तिला पैकीच्या पैकी मार्क असत, बाकी सगळ्यांत जेमतेम. आता ती पुण्याला असते आणि ज्याला धड मैफलही म्हणता येत नाही आणि धड चित्रपटही नाही, असं काहीतरी करते. या वेळी ते तिला आपल्या वाडीतल्या रापणीवर करायचं होतं.

रापण म्हणजे काय ते इथे कोणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. होडी एक लांबच लांब जाळं अर्धवर्तुळात समुद्रात सोडून येते. जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगा धरतात आणि ओढत ओढत जाळं वाळूवर आणतात. सुरुवातीला दोन रांगांमध्ये तीनशे मीटरचं अंतर असतं. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो वाडीतला असो की वाटेने चाललेला पाहुणा.

दिव्याची कल्पना अशी होती: प्रत्येक रांगेबरोबर एक ढोल. दोराच्या प्रत्येक ओढीला एक ठोका. होडीखाली पाण्यात एक माइक आणि एक छोटा कॅमेरा. पाण्यातले आवाज स्पीकरवर आणि पाण्यातलं चित्र किनाऱ्यावर ताणलेल्या शिडाच्या कापडावर. सूर्य मावळायच्या थोडं आधी सुरू करायचं, अंधार पडता पडता संपवायचं. आणि शेवटी, जाळं वाळूला लागताना, दोन्ही ढोलांचा एकच ठोका.

"तो एक ठोका मला हवाय," ती म्हणाली. "तुमच्या कॅमेऱ्यात. मग मी कुठेही जाऊन दाखवू शकते की हे होतं. नाहीतर वर्षभर मी काय केलं ते मलाच सांगता येणार नाही."

रापणकरांनी तिला एक शनिवार दिला होता. सोमवारी ती परत जाणार होती. ओढलेली रापण पुन्हा ओढता येत नाही, त्यामुळे दुसरी संधी नव्हती.

गुरुवारी सकाळच्या रापणीवर तालीम झाली. उत्तरेच्या रांगेत वाडीतल्याच ओंकारचा ढोल, दक्षिणेच्या रांगेत सत्यवानचा. दोघांच्या कानात एकेक छोटा इअरफोन होता. त्यात दिव्याच्या यंत्रातून टकटक ऐकू यायची, त्यावर ठोका द्यायचा. प्रेक्षकांच्या खुर्च्या उत्तरेच्या टोकाला, सुरूच्या झाडांपाशी ठेवायचं ठरलं होतं, कारण विजेची सोय तिथेच होती. मी तिथे उभी होते.

पाच-सहा ठोक्यांनंतर दिव्या माझ्याकडे आली. "बाई, सत्यवानदादा मागे पडतोय."

"सत्यवान मागे पडत नाहीये," मी म्हटलं. "त्याचा आवाज मागे पडतोय."

मी अंतर पावलांनी मोजलं. तीनशे दहा मीटर. त्या दिवशीच्या तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला तीनशे अठ्ठेचाळीस मीटर धरला, तर शून्य पॉइंट एकोणनव्वद सेकंद. मी दिव्याला सांगितलं, सत्यवानच्या कानातली टकटक तेवढी आधी दे, म्हणजे दोन्ही आवाज खुर्च्यांपाशी एकाच वेळी पोचतील. तिने यंत्रात आकडा भरला. पुढचा ठोका अचूक एकत्र पडला. त्याच्या पुढचाही. मी वहीत वेळ लिहिली आणि मला बरं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही.

वीस मिनिटांनी बिघडायला लागलं. सत्यवानचा ठोका आता आधी पडत होता. सुरुवातीला किंचित, मग स्पष्टच. रांगा एकमेकींच्या जवळ आल्या तसे सगळ्यांनाच दोन्ही ढोल नीट ऐकू यायला लागले आणि प्रत्येक रांगेतली अर्धी माणसं एका ढोलावर ओढू लागली, अर्धी दुसऱ्यावर. दोर मध्येच ढिला पडायचा. जाळ्याची तळाची कड उचलली गेली असणार, कारण शेवटी वाळूवर आले ते टोपलीभर पेडवे, बोटाएवढे.

सत्यवानने कानातलं काढून खिशात टाकलं. "माझ्या कानात कोण टकटक करता, तेका रापणीतला काय कळता?"

"कानात गोम गेल्यासारखो वाजवी होतो," सुगंधा म्हणाली. सुगंधा मालवणच्या बाजारात मासळी विकते, आणि उत्तरेच्या रांगेत तिची जागा ठरलेली आहे. "आज सांजच्याक गिऱ्हाइकांका काय दाखवू? ढोल?"

उलट्या घातलेल्या होडीवर धोंडू बसला होता. धोंडू म्हणजे दिव्याचा आजोबा आणि या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. चौऱ्याहत्तर वर्षांचा. गेल्या वर्षी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून डॉक्टरांनी त्याला दोराला हात लावायला बंदी केली होती, आणि तेव्हापासून तो रोज येऊन त्या होडीवर बसायचा आणि दुसऱ्यांच्या चुका मोजायचा. त्याने माझ्या वहीकडे बोट दाखवलं.

"बाई, आकडो काय काढलास?"

मी सांगितला.

"आकडो बरोबर असात," तो म्हणाला. "पण रापण सरकता. तुमी दोनय टोकां खांबाक बांधलास."

माझे कान तापले. तीस वर्षं मी मुलांना सांगत आले, की गणित सोडवण्याआधी काय स्थिर आहे आणि काय बदलतं आहे ते लिहा. आणि मी दोन चालत्या रांगा कागदावर दोन बिंदू म्हणून मांडल्या होत्या. रांगा जवळ आल्या तसं अंतर कमी झालं, पण सत्यवानची आघाडी तेवढीच राहिली.

दिव्या वाळूत बसली. "मग आकडा हळूहळू कमी करत नेऊ. आजो, किती वेळात किती सरकता?"

"ता पाणी ठरवता. आणि मासो."

"म्हणजे आधी सांगता येत नाही."

"आधी सांगता येता तर मी बंगलो बांधलो असतो."

तिने यंत्र बंद केलं. मग म्हणाली, ढोल रेकॉर्ड करून स्पीकरवरच लावते. रांगा आपल्या ओढतील तशा ओढू देत. ती हे कोणाकडेही न बघता म्हणाली, आणि तिचं तिलाच ते आवडलेलं नव्हतं हे कळत होतं.

धोंडू होडीवरून उतरला. "तुका दोनय बाजू एका टायमार होयत मां? मगे कानान कित्या वडतंस? डोळ्यान वड."

त्याने सांगितलं ते असं. पूर्वी जाळ्याच्या मध्यावर होडीत तांडेल उभा राहायचा, हातात लाल फडकं घेऊन. फडकं वर, की दोन्ही रांगा दम घेणार. फडकं खाली, की ओढणार. दोन्ही रांगांनी एकमेकांकडे बघायचंच नाही. दोघांनी मधल्या होडीकडे बघायचं. पुढे लोकांच्या हाताला सवय झाली आणि फडकं बंद पडलं.

"पण होडीत उभं कोण राहणार?" दिव्याने विचारलं.

"माका दोरी धरूक बंदी आसा. होडयेत उभो रवाक नाय."

"आणि खांदो?"

"उजवो गेलो. डावो आसा मां."

उजेडाला तीनशे मीटर जायला सेकंदाचा जेमतेम दहा लाखावा भाग लागतो. मी वहीतला आकडा खोडला.

तरी एक प्रश्न उरलाच होता, आणि तो शुक्रवारी सकाळी दिव्याच माझ्या पडवीत घेऊन आली. फडक्यामुळे दोन्ही ढोल एकाच क्षणी वाजतील, पण खुर्च्यांपाशी सत्यवानचा आवाज पुन्हा एकोणनव्वद शतांश सेकंद उशिरा पोचेल. "म्हणून कॅमेरा होडीत ठेवा, बाई. होडी मध्यावर असते. तिथे दोन्ही आवाज कायम बरोबर येतील."

तिचं बरोबर होतं. मी शिकवलेलं प्रकरण तिने बिनचूक वापरलं होतं. मी तिला चहा दिला आणि माझ्या मनात आदल्या रात्रीपासून असलेलं सांगितलं.

"होडीत ठेवला तर पहिल्या ठोक्यापासून ते एकत्रच असतील. मग शेवटच्या ठोक्याला नवीन काय होणार? किनाऱ्यावर ठेवला तर सुरुवातीला दोन वेगळे ऐकू येतील. रांगा जवळ येतील तसं अंतर कमी होत जाईल. आपण काही न करता."

"लोकांना वाटेल चुकतंय."

"पहिली वीस मिनिटं वाटेल."

"आणि शेवटी जुळलंच नाही तर?"

"तर चूक माझी," मी म्हटलं. "आठवड्यात दुसऱ्यांदा."

ती हसली नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "किनाऱ्यावर. पण बाई, एकच सलग चित्र हवं. मध्ये हलवायचा नाही. काही झालं तरी."

शनिवारी साठेक माणसं आली. काही वाडीतली, काही मालवण-कुडाळहून. मी तिपाईचे पाय वाळूत वीतभर रोवले आणि चौकट ठरवली: उजवीकडे शिडाचं कापड, मध्ये समुद्र आणि होडी, डावीकडे दोन रांगा जिथे भेटायला हव्यात ती जागा. दीडशे मीटरवर. तिथे मी खूण म्हणून एक काठी रोवून आले होते.

होडीत चढण्याआधी धोंडू माझ्याकडे आला. डाव्या हातात लाल खण होता. सुगंधाने ट्रंकेतून काढून दिलेला. "बाई, आज पाणी उत्तरेक वडता. तिपाय मागे घेवा."

"किती मागे?"

"ता माका काय म्हायत?"

मी पाच पावलं मागे घेतली. त्याहून मागे गेलं तर सुरूचं खोड शिडाच्या आड येत होतं.

सहा वाजून बावीस मिनिटांनी फडकं पहिल्यांदा खाली आलं. जवळ ओंकारचा ढोल वाजला, आणि मग लांबून सत्यवानचा. खुर्च्यांच्या दुसऱ्या ओळीतले कुडाळचे एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "तो लांबचा मागे पडतोय." मी मान वळवली नाही.

स्पीकरवर पाण्याखालचा आवाज येत होता. तो मी पूर्वी फक्त वाचला होता. समुद्राच्या तळाशी एका जातीची छोटी कोळंबी आपली नांगी मिटते, तो आवाज. हजारो नांग्यांचा मिळून कढईत मोहरी तडतडावी तसा. त्यात दोराची करकर मिसळत होती. कापडावर हिरवं, गढूळ पाणी, त्यातून खाली सुटत जाणारे कण. दर ठोक्याला चित्र किंचित हिंदकळायचं, कारण ओढ होडीलाही जाणवत होती.

मी घड्याळाने मोजत होते. पावणेसातला अंतर अर्ध्या सेकंदावर आलं. सूर्य बुडाला. खुर्च्यांवरची कुजबुज थांबली होती. माणसं आता मान एकदा इकडे, एकदा तिकडे करण्याऐवजी सरळ समोर बघत होती. कापडावर काळ्या पाण्यात पहिल्यांदा चंदेरी काहीतरी लखकन वळलं आणि गेलं.

मग मला जाणवलं की उत्तरेची रांग जवळपास जागची हललेलीच नाही. दक्षिणेची मात्र चालत चालत येत होती, आणि माझ्या काठीच्या पुढे निघून आली. पाण्याने अख्खं जाळं उत्तरेला ओढलं होतं. रांगा काठीपाशी भेटणार नव्हत्या. त्या माझ्याकडेच येत होत्या.

तिपाई उचलून बाजूला न्यायला मला दहा सेकंद लागली असती. मी दिव्याकडे बघितलं. ती स्पीकरपाशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, नजर होडीवर. मी तिपाईला हात लावला नाही.

उत्तरेच्या रांगेतली शेवटची चार माणसं ओढत ओढत मागे आली. त्यांत सगळ्यांत शेवटी सुगंधा. एकेका ओढीला एकेक पाऊल मागे. तिची हिरवी साडी आधी चौकटीच्या कडेला आली, मग अर्ध्यात, मग सगळीकडे.

"सुगंधा," मी हळू म्हटलं, "जरा बाजूला होशील?"

"मी बाजूक झालंय तर दोरी कोण धरतला?" ती मागे न बघता म्हणाली. "तुमी?"

पुढची ओढ आली. कॅमेऱ्यात आता हिरव्याशिवाय काही नव्हतं. वर लावलेला माइक चालू होता, लाल दिवा जळत होता. आवाज तेवढा येत होता. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पडवीतला कॅमेरा सहा वर्षं एकटा सोडत आले आहे. हाही राहील, असं म्हटलं, आणि तिपाईच्या कडेने सुगंधाच्या मागे जाऊन दोर धरला.

तो ओला होता, वाळूने खरखरीत, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जाड. किनाऱ्यावर इतकी वर्षं राहून मी तो कधी धरला नव्हता. इथून होडी स्पष्ट दिसत होती, आणि तीत धोंडूचा डावा हात. फडकं वर गेलं. सगळ्यांनी दम घेतला; मीही. फडकं खाली आलं आणि माझे हात मी सांगण्याआधीच मागे गेले. ढोल वाजला.

ढोल, असंच म्हणते. कुठल्या ठोक्याला दोनाचा एक झाला ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळ बघत नव्हते. सत्यवान आता पंधरा पावलांवर होता, घामाने निथळत, ओंकारकडे अजिबात न बघता. धोंडूने फडकं वर नेलं आणि वरच धरून ठेवलं. खूप वेळ. दोर हातात थरथरत होता. पलीकडच्या टोकाला मासळी होती.

फडकं पडलं. एकच ठोका झाला. तो मला कानांपेक्षा तळहातांत जास्त लागला.

त्यानंतर दिव्याने तीन मिनिटांची शांतता योजली होती. फक्त पाण्याखालचा आवाज आणि कापडावरचं चित्र. रापणीच्या गावात जाळं वाळूला लागलेलं असताना तीन मिनिटं शांतता ही कल्पना तिला पुण्यात सुचली असावी. सगळे जाळ्याकडे धावले. कुडाळचे ते गृहस्थ बूट काढून, पँट दुमडून गुडघाभर पाण्यात गेले आणि त्यांची बायको त्यांना कुठे धरायचं ते सांगू लागली. कापडावर गर्दीतले पाय दिसत होते आणि पायांमधून उसळणारे बांगडे. दिव्या थोडा वेळ स्पीकरपाशीच उभी राहिली. मग तीही गेली.

वाटे घातले गेले. वाळूवर छोटे छोटे ढीग. धोंडू होडीतून उतरून, ओला खण खांद्यावर टाकून, नावं घेत होता.

"बाईंचो एक."

"माझा कशाला?"

"दोरी धरलास मां?"

"धरल्यानी," सुगंधा म्हणाली. "आणि माझो पदर पण धरल्यानी."

"आणि त्या तिपायेचो?" सत्यवानने विचारलं.

"तिणा काय वडल्यान?"

"तिणा माझी पाठ बघल्यान," सुगंधा म्हणाली, आणि कोणीतरी तिपाईच्या नावाने एक बांगडा माझ्या ढिगावर टाकला.

रविवारी दुपारी दिव्या माझ्याकडे जेवायला आली. बांगड्यांचं तिखलं मी शनिवारीच करून ठेवलं होतं. तिरफळ घातलेलं तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. जेवणाआधी आम्ही चित्रण बघायला बसलो. वाक्य मी आधीच तयार ठेवलं होतं: चूक माझी.

पहिली अडतीस मिनिटं तिने एकदाही पुढे ढकललं नाही. मग चौकटीत हिरवा काठ आला. हिरवं वाढत गेलं आणि शेवटची चार मिनिटं पडद्यावर सुगंधाची साडी राहिली.

"मला हलवता आला असता," मी म्हटलं.

"मी नको म्हटलं होतं." तिने मागे नेऊन तो भाग पुन्हा लावला. "थांबा. हे बघा."

मी बघितलं. दर ठोक्याआधी साडीची पाठ सैल पडत होती आणि ठोक्याबरोबर ताणली जात होती. सगळ्या चुण्या एकदम एका बाजूला. ढोल वाजायच्या क्षणीच. रांग दिसत नव्हती, होडी नव्हती, फडकंही नव्हतं, पण ओढ दिसत होती.

"आवाज मोजला का तुम्ही?" तिने विचारलं.

मी सकाळीच मोजला होता. सुरुवातीला शून्य पॉइंट एकोणनव्वद. शेवटच्या ठोक्याला आलेखावर दोन शिखरं वेगळी काढता आली नाहीत. मी तिला तो आलेख दाखवला. तिने त्या एका शिखरावर बोट टेकवलं आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, तसा ती कधी ठेवत नाही.

"हिरवं असंच राहू दे," ती म्हणाली.

तिने शेवटचा ठोका आणखी एकदा लावला. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, साडीच्या कडेला, दोरावर दोन हात दिसत होते. एका मनगटावर घड्याळ.

"हे कोणाचे?"

"ताटं घे," मी म्हटलं.

जेवताना तिने विचारलं, अजून एक बांगडा आहे का. होता. वाट्यात सात आले होते, आणि तिपाईचा एक.